स्मर्ना ते लोझान : ग्रीसचे १९२२

१९२२ च्या वसंतात ग्रीसमध्ये घरोघरी, दुकानोदुकानी कात्र्या निघाल्या आणि लोकांनी आपल्याजवळच्या नोटा मधोमध कापल्या. तसा कायदाच झाला होता. नोटेच्या ज्या अर्ध्यावर नॅशनल बँकेचे संस्थापक यॉर्गोस स्ताव्रोस यांचे चित्र होते, तो तुकडा निम्म्या किमतीला चलनात राहिला. ज्या अर्ध्यावर राजमुकुट होता, तो बँकेत देऊन त्याबदली वीस वर्षांच्या मुदतीचा, साडेसहा टक्के व्याजाचा सरकारी कर्जरोखा घ्यायचा. ही युक्ती अर्थमंत्री पेत्रोस प्रोतोपापादाकिस यांची. परदेशातून कर्ज मिळण्याच्या सगळ्या वाटा बंद झाल्या होत्या आणि एजियन समुद्रापलीकडे, आशिया मायनरच्या पठारावर, ग्रीक फौज तिसऱ्या वर्षीही अडकून पडली होती. तिच्या भाकरीसाठी आणि काडतुसांसाठी सरकारने प्रजेचे निम्मे पाकीट एका दिवसात उचलले. हे सक्तीचे कर्ज लोकांनी फारशी खळखळ न करता दिले. आठ महिन्यांनी प्रोतोपापादाकिस अथेन्सबाहेरच्या मैदानात बंदुकधारी तुकडीसमोर उभे होते.

ग्रीसच्या आधुनिक इतिहासात इतके काही एका वर्षात क्वचितच घडले असेल. लढाई हरली, एक जुने शहर जळाले, राजा गेला, मंत्री मारले गेले आणि एका देशाचा पाचवा हिस्सा होईल एवढी माणसे बोटींतून उतरली. ग्रीक भाषेत या सगळ्याला एकच नाव आहे : आशिया मायनरची ‘कातास्त्रोफी’, म्हणजे विनाश. या वर्षावर लिहिलेले बरेचसे लेखन दोन चित्रांभोवती फिरते : पेटलेले स्मर्ना आणि गोळ्या घालून मारलेले सहाजण. दोन्ही चित्रे खरी आहेत. पण माझ्या मते त्या वर्षाचा सर्वांत लांब पोचलेला निर्णय तिसराच होता. तो डिसेंबरमध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका शांत गावात, टेबलाभोवती बसलेल्या मुत्सद्द्यांनी घेतला. म्हणून हा आढावा त्या टेबलापर्यंत नेणे मला आवश्यक वाटते.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८४४ पासून ग्रीक राजकारणावर ‘महान कल्पने’चे गारूड होते. ओटोमन साम्राज्यात राहणारे सगळे ग्रीक ऑर्थोडॉक्स लोक एका राज्यात यावेत आणि कॉन्स्टंटिनोपल पुन्हा आपले व्हावे, असे ते स्वप्न. पहिल्या महायुद्धात तुर्की साम्राज्य हरले तेव्हा पंतप्रधान एलेफ्थेरिओस व्हेनिझेलोस यांना ते हाताशी आल्यासारखे वाटले. मित्रराष्ट्रांच्या संमतीने १५ मे १९१९ रोजी ग्रीक फौज स्मर्ना बंदरात उतरली. ऑगस्ट १९२० च्या सेव्ह्रच्या तहाने स्मर्ना आणि पूर्व थ्रेस ग्रीसच्या पदरात टाकले. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात तरुण राजा अलेक्झांडर माकडाच्या चाव्याने मेला, नोव्हेंबरात व्हेनिझेलोस निवडणूक हरले आणि हद्दपार झालेले राजे कॉन्स्टंटाइन परत आले. महायुद्धातील त्यांची भूमिका फ्रान्स आणि ब्रिटन विसरले नव्हते. त्यांनी मदतीचा हात आखडता घेतला. निवडणुकीत युद्ध थांबवण्याची भाषा करणाऱ्यांनीच सत्तेवर येताच ते आणखी आत, थेट अंकाराच्या दिशेने नेले. १९२१ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये साकार्या नदीकाठी तीन आठवडे घनघोर लढाई झाली आणि ग्रीक फौज मागे फिरली. एस्किशेहिर ते अफियोन अशा लांबलचक फळीवर ती जाऊन बसली आणि १९२२ उजाडले तेव्हा तिथेच होती.

तारखांबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ग्रीक पुस्तके वाचणाऱ्याचा हमखास गोंधळ होतो. ग्रीसमध्ये तेव्हा जुने ज्युलियन पंचांग चालू होते, आपल्या नेहमीच्या तारखेहून तेरा दिवस मागे. ते १९२३ मध्ये बदलले. या लेखातल्या तारखा नव्या पंचांगाच्या आहेत.

वर्षाचे पहिले काही महिने वाट पाहण्यात गेले. पंतप्रधान दिमित्रिओस गूनारिस कर्ज मागत युरोपच्या राजधान्यांत फिरून रिकाम्या हाताने परतले. मार्चमध्ये मित्रराष्ट्रांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी पॅरिसमध्ये शस्त्रसंधीचा प्रस्ताव मांडला. ग्रीसने शस्त्रसंधी मान्य केली. अंकारातल्या तुर्की राष्ट्रवाद्यांचे नेते मुस्तफा केमाल यांनी आधी फौज काढून घ्या म्हटले. बोलणी तिथेच खुंटली. याच मार्चमध्ये या युद्धाचा एक धागा हिंदुस्थानातून ओढला गेला. मुंबईत मुख्यालय असलेली खिलाफत समिती तीन वर्षे तुर्कस्तानच्या बाजूने देश ढवळून काढत होती. सेव्ह्रचा तह बदला, स्मर्ना आणि थ्रेस तुर्कांना परत द्या, अशी तार खुद्द व्हाइसरॉय रीडिंग यांच्या सरकारने लंडनला पाठवली. भारतमंत्री एडविन माँटेग्यू यांनी ती मंत्रिमंडळाला न विचारता प्रसिद्ध केली आणि ९ मार्चला त्यांना राजीनामा द्यावा लागला. दुसऱ्याच दिवशी, १० मार्चला, गांधीजींना अटक झाली आणि त्या महिन्यातच ते पुण्याला येरवड्याच्या तुरुंगात येऊन दाखल झाले. स्मर्नाचे भवितव्य हा त्या काळी मुंबईच्या सभांतला विषय होता, हे आज आपल्याला आठवत नाही. आणि त्या सभांत स्मर्नाच्या ग्रीक आणि आर्मेनियन रहिवाशांचा विचार कोणी केल्याचे दिसत नाही, हेही लिहून ठेवले पाहिजे.

उन्हाळ्यात अथेन्सने घेतलेले तीन निर्णय आजही वाचवत नाहीत. मे महिन्यात गूनारिस पायउतार झाले, प्रोतोपापादाकिस पंतप्रधान झाले आणि आघाडीवर सेनापती बदलला. नवे सेनापती यॉर्गिओस हात्झिआनेस्तिस आघाडीपासून शेकडो किलोमीटर दूर, स्मर्नात राहून फौज चालवू लागले. हा पहिला. दुसरा जुलैतला : कॉन्स्टंटिनोपलवर चाल करण्याचा धाक घालावा म्हणून आशिया मायनरमधून फौज उचलून थ्रेसमध्ये नेण्यात आली. मित्रराष्ट्रांनी ती चाल होऊ दिली नाही आणि आधीच विरळ झालेली फळी आणखी विरळ झाली. तिसरा निर्णयही जुलैतलाच. पारपत्र नसलेल्या माणसांना ग्रीसमध्ये आणणे गुन्हा ठरवणारा कायदा संमत झाला. आशिया मायनरच्या ग्रीकांनी भिऊन आधीच निघून येऊ नये, हा त्याचा व्यवहारातला अर्थ. ज्यांच्या मुक्तीसाठी युद्ध चालले आहे असे सांगितले जात होते, त्यांच्यावरच दार लावून घेतले गेले. त्या वर्षातल्या सगळ्या चुकांत मला ही सर्वांत जड वाटते. लढाई हरणे सेनापतीच्या हातचे असते आणि नसतेही. हा कायदा मात्र शांतपणे, मतदान घेऊन केलेला होता.

२६ ऑगस्टच्या पहाटे अफियोनच्या दक्षिणेला तुर्की तोफा धडाडल्या. चार दिवसांत, ३० तारखेला दुमलुपिनार येथे, ग्रीक फौजेचा कणा मोडला. जनरल निकोलाओस त्रिकूपिस २ सप्टेंबरला पकडले गेले. हात्झिआनेस्तिस यांच्या जागी आपली सरसेनापती म्हणून नेमणूक झाल्याचे त्यांना शत्रूच्या छावणीत, मुस्तफा केमाल यांच्याकडून कळले. उरलेली फौज समुद्राकडे धावत सुटली. वाटेत तिने अलाशेहिर, सालिहली, मनिसा ही तुर्की वस्तीची गावे पेटवून दिली, माणसे मारली. ग्रीक शाळांतल्या पुस्तकांत हा भाग दीर्घकाळ दबलेला राहिला. स्मर्नाच्या आगीवर अश्रू ढाळणाऱ्याने मनिसाची राखही पाहिली पाहिजे. दोन्ही ठिकाणी मेलेले बहुतेक लोक घरात बसलेले, नि:शस्त्र होते.

ही फौज जहाजांत चढून निघून गेली. ८ सप्टेंबरला ग्रीक प्रशासनही स्मर्ना सोडून गेले. मागे राहिले शहरवासी आणि आतल्या गावांतून गाठोडी, कोंबड्या, म्हाताऱ्या घेऊन आलेले हजारो लोक.

स्मर्ना म्हणजे आजचे इझमिर. अंजीर, मनुका, तंबाखू आणि गालिचे यांच्या व्यापारावर वाढलेले बंदर. ग्रीक, तुर्क, आर्मेनियन, ज्यू आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहणारे युरोपीय व्यापारी. ख्रिस्ती वस्ती एवढी मोठी की तुर्क त्याला ‘काफिरांचे इझमिर’ म्हणत. फ्रेंच शाळा, ग्रीक वृत्तपत्रे, नाटकगृहे आणि समुद्राला लागून मैलोगणती पसरलेला दगडी धक्का, ज्यावर संध्याकाळी सगळे शहर फिरायला यायचे. ९ सप्टेंबरला तुर्की घोडदळ याच धक्क्यावरून शहरात आले. नंतर ग्रीक धर्मगुरू क्रिसोस्तोमोस यांना जमावाच्या हवाली करण्यात आले. त्यांना शहर सोडण्याची संधी होती, पण ते गेले नव्हते. जमावाने त्यांचे हाल करून त्यांना मारले. आर्मेनियन वस्तीत लूट आणि कत्तल सुरू झाली. १३ तारखेला त्याच वस्तीत आग लागली आणि वारा मिळून ती ग्रीक आणि युरोपीय भागांतून समुद्रापर्यंत आली. तुर्की आणि ज्यू वस्ती वाचली.

आग कोणी लावली यावर शंभर वर्षे वाद चालू आहे. तुर्कस्तानातली अधिकृत मांडणी ग्रीक आणि आर्मेनियन यांच्याकडे बोट दाखवते. प्रत्यक्ष पाहिलेल्या अमेरिकन आणि युरोपीय लोकांच्या बहुसंख्य साक्षी मात्र तुर्की सैनिकांकडे जातात आणि बाहेरच्या बहुतेक इतिहासकारांचा कौलही तिकडेच आहे. जो भाग जळला आणि जो वाचला, तो नकाशा समोर ठेवला तर मलाही तोच कौल पटतो. मृतांचे आकडे दहा हजारांपासून एक लाखापर्यंत सांगितले जातात.

धक्क्यावर पुढे समुद्र आणि मागे आग अशा पट्टीत लाखो माणसे दाटली होती. समोर बंदरात ब्रिटिश, फ्रेंच, इटालियन आणि अमेरिकन अशा वीसवर युद्धनौका नांगर टाकून उभ्या होत्या. त्यांना हुकूम होता तटस्थ राहण्याचा. आपापल्या देशाचे नागरिक उचलायचे आणि इतरांत पडायचे नाही. आग धक्क्याला भिडली तेव्हा त्या रात्री ब्रिटिश ॲडमिरल ब्रॉक यांनी अखेर होड्या सोडायला सांगितले आणि काही हजार जीव वाचले. बाकीचे धक्क्यावर पुढचे दोन आठवडे, पाण्यावाचून, राहिले. तुर्की सेनापती नूरेद्दीन पाशांनी जाहीर केले की अठरा ते पंचेचाळीस वयाचे पुरुष युद्धकैदी म्हणून आत नेले जातील आणि बाकीच्यांनी महिनाअखेर निघून जावे. जायचे कशातून, हा प्रश्नच होता.

त्याचे उत्तर एका अनपेक्षित माणसाकडून आले. आसा जेनिंग्ज हे न्यूयॉर्क राज्यातले मेथॉडिस्ट पाद्री, क्षयाने पाठीला पोक आलेले, ठेंगणे, वायएमसीए संस्थेच्या कामासाठी काही आठवड्यांपूर्वीच स्मर्नात आलेले. हाती ना अधिकार, ना पैसा. ते जवळच्या लेस्बोस बेटावर पोचले. तिथे फौज उतरवून रिकामी झालेली ग्रीक जहाजे उभी होती. बंदरात उभ्या असलेल्या ‘किल्किस’ या युद्धनौकेच्या बिनतारी यंत्रावरून त्यांनी अथेन्सशी बोलणे लावले, जहाजे मागितली, सरकार कां-कूं करू लागले तेव्हा हा नकार जगजाहीर करीन असे बजावले. जहाजे मिळाली. २४ सप्टेंबरपासून ती जेनिंग्जच्या पाठोपाठ स्मर्नात शिरली आणि मुदत संपण्याच्या आत दोन लाखांवर माणसे बाहेर निघाली. परदेशी युद्धनौकांच्या ज्या ताफ्याला हे काम पहिल्या दिवशी करता आले असते, तो स्मर्नाच्या बंदरात तीन आठवडे होता.

मागे ठेवलेल्या पुरुषांचे काय झाले, हे इलियास व्हेनेझिस यांनी लिहून ठेवले आहे. आयवालिक गावातला हा मुलगा अठराव्या वर्षी मजूर पलटणीत आतल्या मुलखात हाकलला गेला. त्या गावातून नेलेल्या तीन हजारांपैकी तेवीस परतले. व्हेनेझिस यांनी आपल्या कैदी क्रमांकालाच पुस्तकाचे नाव दिले : ‘क्रमांक ३१३२८’.

पळालेल्या फौजेचा राग बेटांवर साठला होता. कियोस आणि लेस्बोस इथे कर्नल निकोलाओस प्लास्तिरास आणि स्तिलियानोस गोनातास यांनी बंड उभारले. विमानातून अथेन्सवर पत्रके पडली : राजाने जावे, सरकारने जावे. २७ सप्टेंबरला कॉन्स्टंटाइन यांनी सिंहासन सोडले. तीन महिन्यांनी ते सिसिलीत, पालेर्मो येथे वारले. मुलगा जॉर्ज नावापुरता गादीवर बसला.

पूर्व थ्रेसची गोष्ट इतिहासात स्मर्नाच्या सावलीत राहते. ११ ऑक्टोबरला मुदान्या इथे झालेल्या शस्त्रसंधीने हा प्रांत पंधरा दिवसांत रिकामा करायचा ठरले. इथे एकही लढाई झाली नव्हती. अडीच लाखांच्या आसपास ख्रिस्ती लोकांनी ऐन पावसात बैलगाड्या जुंपल्या, बिछाने, आरसे, शिवणयंत्रे लादली आणि मारित्सा नदीचा पूल ओलांडून पश्चिमेला निघाले. ‘टोरांटो स्टार’चा एक तेवीस वर्षांचा बातमीदार त्या चिखलात उभा राहून ते पाहत होता. त्याचे नाव अर्नेस्ट हेमिंग्वे. त्याच ऑक्टोबरमध्ये लंडनमध्ये ग्रीसचा पाठिराखा पंतप्रधान लॉइड जॉर्ज सत्तेवरून गेला आणि नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला अंकाराच्या राष्ट्रीय सभेने सुलतानपद रद्द केले. मुंबईच्या खिलाफतवाल्यांच्या मागणीतले स्मर्ना आणि थ्रेस तुर्कांना परत मिळाले होते, पण ज्या सुलतान-खलिफासाठी ती मागणी होती त्याची सत्ता तुर्कांनीच संपवली.

आता खटला. १३ नोव्हेंबरला अथेन्सच्या संसद-इमारतीत खास लष्करी न्यायालय बसले. आठ आरोपी, त्यांत तीन माजी पंतप्रधान : गूनारिस, प्रोतोपापादाकिस आणि मे महिन्यात काही दिवसच सत्तेवर राहिलेले निकोलाओस स्त्रातोस. शिवाय मंत्री यॉर्गिओस बाल्ताझिस आणि निकोलाओस थेओतोकिस, आणि सेनापती हात्झिआनेस्तिस. आरोप देशद्रोहाचा. गूनारिस खटल्यातच विषमज्वराने अंथरुणाला खिळले. पंधरा दिवसांत सुनावणी संपली. सहाजणांना मृत्युदंड झाला, दोघांना जन्मठेप. २८ नोव्हेंबरला निकाल लागला आणि त्याच दिवशी सकाळी अकराच्या सुमारास गूदीच्या मैदानावर त्याची अंमलबजावणी झाली. ब्रिटिश राजदूताने निषेध म्हणून देश सोडला. माजी राजे कॉन्स्टंटाइन यांचे भाऊ प्रिन्स अँड्र्यू यांच्यावर पाठोपाठ वेगळा खटला चालला. ब्रिटिश मध्यस्थीने त्यांचा जीव वाचला आणि त्यांना कुटुंबासह युद्धनौकेतून बाहेर नेण्यात आले. त्यांचे दीड वर्षाचे बाळ संत्र्याच्या खोक्यात निजवून नेले होते. तेच पुढे राणी एलिझाबेथचे पती फिलिप.

हे सहाजण नालायक होते का? बरेचसे होते. जिंकता येत नाही आणि सोडताही येत नाही अशी लढाई त्यांनी महिनोन्‌महिने रेटली, आणि जुलैतला तो कायदा त्यांच्याच काळातला. पण देशद्रोह म्हणजे शत्रूशी संगनमत, आणि त्याचा पुरावा न्यायालयापुढे आला नाही. आशिया मायनरची मोहीम त्यांनी सुरू केली नव्हती. ती व्हेनिझेलोस यांची. मित्रराष्ट्रांनी हात दिला आणि काढून घेतला, त्याचा जाब कोणी विचारला नाही. सगळ्या राष्ट्राने पाहिलेल्या स्वप्नाची किंमत सहा देहांवर वसूल झाली आणि त्यामुळे स्वप्नाची तपासणी राहून गेली. व्हेनिझेलोसवादी आणि राजवादी यांच्यातले वैर पुढे दोन दशके ग्रीसला कुरतडत राहिले. बंडे, उलटी बंडे, अखेर १९३६ ची हुकूमशाही. २०१० मध्ये प्रोतोपापादाकिस यांच्या नातवाच्या अर्जावरून ग्रीसच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द ठरवली. अठ्ठ्याऐंशी वर्षे उशिरा आलेला तो निर्णय मला योग्य वाटतो.

गूदीवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये लोझानची शांतता परिषद सुरू होऊन आठवडा झाला होता. लॉर्ड कर्झन अध्यक्षस्थानी, तुर्कस्तानच्या बाजूने इस्मेत पाशा आणि ग्रीसच्या बाजूने परत बोलावलेले व्हेनिझेलोस. राष्ट्रसंघाचे निर्वासित आयुक्त, नॉर्वेचे ध्रुवीय संशोधक फ्रित्योफ नान्सेन यांनी १ डिसेंबरला आपला अहवाल मांडला. तुर्कस्तानातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये यावेत आणि ग्रीसमधले मुस्लिम तुर्कस्तानात जावेत, अशी त्यात सूचना होती. ऑक्टोबरमध्ये व्हेनिझेलोस यांनीच नान्सेन यांना तार करून तशी विनंती केली होती. त्याच डिसेंबरमध्ये नान्सेन यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. ३० जानेवारी १९२३ रोजी करारावर सह्या झाल्या. अदलाबदल सक्तीची. ज्याला जायचे नाही त्यालाही जावे लागेल आणि परत यायचे तर सरकारची परवानगी लागेल. कॉन्स्टंटिनोपलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसचे मुस्लिम एवढेच यातून वगळले गेले.

कसोटी एकच होती, धर्म. कॅपाडोकियातल्या खेड्यांत ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती राहत होते. त्यांतल्या बहुतेकांची मातृभाषा तुर्की होती आणि ते ती ग्रीक लिपीत लिहीत. ग्रीक त्यांना येत नव्हती, युद्ध त्यांच्या दारी आले नव्हते. त्यांना ‘मायदेशी’ ग्रीसला पाठवले. क्रीट बेटावरचे मुस्लिम ग्रीक बोलत, ग्रीक गाणी म्हणत. त्यांना ‘मायदेशी’ तुर्कस्तानला पाठवले. आयवालिकमध्ये, व्हेनेझिस यांच्या गावात, रिकाम्या ग्रीक घरांत जे तुर्क आले त्यांत हे ग्रीक बोलणारे क्रीटवासी होते.

आणि इथे मुख्य मुद्दा येतो. लोझानची अदलाबदल पुढे दशकानुदशके मुत्सद्द्यांनी नमुना म्हणून मिरवली : आंतरराष्ट्रीय देखरेख, मालमत्तेचे मूल्यमापन, मिश्र आयोग, शिस्तीत झालेली रवानगी. प्रत्यक्षात काय झाले? करारानंतर त्या यंत्रणेमार्फत ग्रीसला आलेले ऑर्थोडॉक्स लोक सुमारे १ लाख ९० हजार. तुर्कस्तानला गेलेले मुस्लिम सुमारे साडेतीन लाख. घर सोडण्याचा हुकूम प्रत्यक्ष करारामुळे आला तो प्रामुख्याने त्यांना. बाकीचे दहा लाख ग्रीक स्मर्नाच्या धक्क्यावरून, थ्रेसच्या चिखलातून, काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरून जीव मुठीत धरून आधीच आले होते. लोझानने त्यांना हलवले नाही. त्यांच्या परतीचे दार तेवढे कायमचे बंद केले. कराराने ज्याला व्यवस्था म्हटले, तिचा मोठा भाग म्हणजे आधी झालेल्या हाकलपट्टीवर उमटलेला शिक्का होता.

ग्रीसच्या १९२८ च्या जनगणनेत निर्वासित भरले १२ लाख २१ हजारांवर, एकूण लोकसंख्या तेव्हा ६२ लाख. कुठल्याही श्रीमंत देशाला पेलले नसते असे हे ओझे एका हरलेल्या, दिवाळखोर देशावर पडले. आलेल्यांत बायका, मुले आणि म्हातारे फार. कर्ते पुरुष मेलेले किंवा मजूर पलटणीत. अथेन्सच्या नगरपालिकेच्या नाटकगृहात मखमलीने मढवलेल्या एकेका सज्ज्यात एकेक कुटुंब राहिले. शाळा, चर्च, गोदामे भरली. पहिल्या हिवाळ्यात विषमज्वर आणि हिवतापाने माणसे पटापट गेली. स्थानिकांनी त्यांना सरसकट जवळ केले नाही. ‘तुर्कांचे बी’, ‘दह्यात बाप्तिस्मा झालेले’ अशी शेलकी नावे ठेवली, कारण त्यांच्या स्वयंपाकात दही फार आणि बोलण्यात तुर्की शब्द फार.

तरीही उभे राहिले ते त्यांच्याच कष्टांवर. राष्ट्रसंघाच्या मदतीने १९२३ मध्ये पुनर्वसन आयोग नेमला गेला, कर्ज उभे राहिले. मॅसिडोनियातल्या दलदली उपसून शेती झाली, तंबाखूची लागवड वाढली. अथेन्स आणि पिरेअसभोवती नवी नगरे वसली आणि त्यांना हरवलेल्या गावांचीच नावे पडली : नेआ स्मिर्नी, नेआ इओनिया, नेआ फिलाडेल्फिया. कल्याणच्या लष्करी छावणीत उतरलेल्या सिंध्यांनी उल्हासनगर उभारले, ते ज्यांनी पाहिले वाचले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. कॉन्स्टंटिनोपलहून आलेल्यांनी अथेन्सला एईके आणि थेसालोनिकीला पाओक हे फुटबॉल संघ काढले. ते आजही मैदान गाजवतात. स्मर्नाच्या कॉफीगृहांतली गाणी पिरेअसच्या झोपड्यांत आली आणि तिथल्या गाण्यांत मिसळून रेबेतिको हा संगीतप्रकार घडला. १९६३ चे साहित्याचे नोबेल मिळवणारे कवी यॉर्गोस सेफेरिस स्मर्नाजवळच्या उर्लाचे. त्यांचे कुटुंब १९१४ मध्येच अथेन्सला आले होते. १९२२ नंतर परत जायला गाव उरले नाही. १९३० पासून मेल्पो मेर्लिए या संगीत-अभ्यासक बाईंनी निर्वासितांच्या आठवणी टिपून घेण्याचे काम सुरू केले. त्यांच्या केंद्राने सुमारे पाच हजार माणसांना बोलते केले. गाव, घर, विहीर, सण, निघण्याचा दिवस, सगळे त्यांच्याच शब्दांत. १९२२ बद्दल काही वाचायचे असेल तर मंत्र्यांच्या आठवणींच्या आधी या साक्षी वाचाव्यात.

लोझानचा दाखला आपल्याकडेही आला होता. १९४० च्या अखेरीस मुंबईत प्रसिद्ध झालेल्या ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाकिस्तान होणार असेल तर अल्पसंख्याकांची अदलाबदल करावी असे मांडले आणि ग्रीस, तुर्कस्तान, बल्गेरिया यांनी हे करून दाखवले आहे याकडे लक्ष वेधले. त्यांचा भर व्यवस्थेवर होता : मालमत्ता, निवृत्तिवेतन, भरपाई यांची आधी तरतूद आणि मग स्थलांतर. रक्तपात टाळण्याची तळमळ त्यामागे होती, आणि सीमा आखून माणसांचे काय हा प्रश्न इतक्या स्पष्टपणे विचारणारे त्या वेळी फार थोडे होते. १९४७ मध्ये सीमा आखली गेली, तरतूद नव्हती, आणि पंजाबात स्मर्ना घडले. पण ग्रीसची कागदपत्रे नीट पाहिली की दिसते, त्या तरतुदीची हमी लोझाननेही बहुसंख्यांना दिली नव्हती. मालमत्तेची भरपाई दोन्ही देशांत वर्षानुवर्षे रखडली आणि १९३० मध्ये दोन्ही सरकारांनी परस्परांचे दावे एकमेकांत वळते करून प्रकरण मिटवले. माणूस हलवल्याने भांडण मिटते, हा निष्कर्ष १९२२ मधून काढता येत नाही.

कॉन्स्टंटिनोपलचे ग्रीक करारातून वगळले होते, त्यांना तिथेच राहण्याचा हक्क लेखी मिळाला होता. ते तेव्हा लाखावर होते. १९४२ चा संपत्तीकर, ६ सप्टेंबर १९५५ च्या रात्रीची दंगल आणि १९६४ मधली हद्दपारी यांतून ते निघत गेले. आज त्या शहरात ते काही हजार उरले आहेत.